नेमक्यांनी न विचारलेला प्रश्न

नोंदणी कार्यालयाच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं ओळीनं मांडलेली. त्यातलं भिंतीकडचं टेबल नेमक्यांचं. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव त्यांच्या बायकोला आणि फार तर वीजबिल टाकणाऱ्याला ठाऊक असेल. बाकी सगळ्यांना ते नेमके, कारण समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, हे मान तिरकी करून विचारणार, "म्हणजे नेमकं काय?"

एखादा बापडा येऊन म्हणायचा, "घराचा ताबा मिळाला हो, आता घर माझं झालं." नेमके पेन खाली ठेवायचे. "ताबा म्हणजे तुम्ही खुर्चीत बसलात. मालकी म्हणजे खुर्ची तुमची. आत्ता बसलाय ती खुर्ची माझी आहे, जाताना उचलून नेऊ नका."

दुसरा सांगायचा, नॉमिनी लावून ठेवलाय, आता वारसांची कटकट नाही. "नॉमिनी म्हणजे दारात पाहुण्यांच्या चपला सांभाळणारा," नेमके म्हणायचे. "तोच त्या घालून घरी गेला तर चालेल का तुम्हाला?" नकाशा मंजूर झाला म्हणून सामान बांधायला निघालेल्या एका नवरा-बायकोला त्यांनी सुनावलं होतं, "बांधायची परवानगी वेगळी, राहायची वेगळी. लग्न ठरलं की लगेच पाळणा आणायला निघता होय?" बायको लाजली, नवरा खोकला, आणि पलीकडच्या टेबलावरचा झटपट खो खो हसला.

हा झटपट म्हणजे नेमक्यांचा शेजारी आणि वैरी. त्यानं आपल्या टेबलावर पाटीच लावली होती, 'सर्व दस्त झटपट', आणि त्याचं बारसं आवारानं तिथंच उरकलं. गिऱ्हाईक चहा संपवायच्या आत त्याचा दस्त तयार. नेमके त्याच्याबद्दल मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं सांगायचे, "त्याच्याकडे घर भाड्यानं घ्यायला जाल आणि दत्तक जाऊन परत याल."

नेमक्यांच्या कामाची एक रीत होती. दस्त लिहून झाला, वाचून दाखवला, की ते पेनाला टोपण घालायचे, कागद उलटा ठेवायचे आणि विचारायचे, "आता तुमच्या शब्दांत सांगा. उद्या सकाळी झोपेतून उठाल, तेव्हा काय बदललेलं असेल?" हा प्रश्न ऐकून लोक वैतागायचे, पण त्यानं कित्येकांची घरं वाचवली होती. एक म्हातारा दुकानदार म्हणाला होता, "बदलायचंय काय? दुकान माझंच. जावई फक्त चालवणार." त्यानं आणलेल्या कच्च्या मसुद्यात दुकान जावयाला चक्क विकलेलं होतं. म्हाताऱ्यानं जावयाकडे पाहिलं, जावयानं पत्र्याकडे.

ही रीत नेमक्यांना कुठल्या साहेबानं शिकवली नव्हती. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनं शिवणयंत्र चालवून याला वाढवलं, शिकवलं. ताई टाचण्या लावलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायची आणि म्हणायची, "आता खाली बसा. हात वर करा. वाका जरा." गिऱ्हाईक कुरकुरलं की ठरलेलं उत्तर, "उभ्या माणसाला कुठलाही कपडा बसतो हो. बसल्यावर कळतं कुठं काचतंय ते." कोपऱ्यात पाढे घोकणाऱ्या भावानं ते ऐकलं आणि पुढं कागदाला लावलं. ताईला त्याचा कोण अभिमान. "माझा धाकटा कागद बसवून बघतो," असं ती गल्लीभर सांगायची.

तर अशा या माणसानं एकदा तो प्रश्न विचारला नाही. आणि नेमका कुणाला विचारला नाही, तर ताईला.

झालं असं. नेमक्यांचा दुपारचा डबा ताईकडूनच यायचा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो घेऊन ती स्वतः आवारात आली. त्या वर्षी ती छातीच्या दुखण्यातून उठली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डबा ठेवून ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"धाकट्या, मला बक्षीसपत्र करायचंय."

"कसलं?"

"घराचं. पोराला. आमच्या समोरच्या इस्त्रीवालीनं केलं परवा. सुटसुटीत असतं म्हणाली. पुढं पोराला धावपळ नको."

पुढं. हा शब्द नेमक्यांच्या कानात खड्यासारखा अडकला. बक्षीसपत्र पुढचं नसतं. ते आजचं असतं. सही झाली, नोंद झाली, की दिलं ते दिलं. पुढचं असतं ते मृत्युपत्र. ते माणूस असेतो हवं तेव्हा फाडावं, हवं तेव्हा नवं लिहावं. या दोहोंची गल्लत तर आवारात रोज व्हायची, आणि तिच्यावर नेमक्यांचा खास विनोद होता. बक्षीसपत्र म्हणजे वाढलेलं ताट, मृत्युपत्र म्हणजे जेवायला या असं आमंत्रण. आमंत्रण फिरवता येतं, उष्टं ताट परत येत नाही.

आता विचारायचं एवढंच होतं, "ताई, आज द्यायचंय की तू गेल्यावर?"

शब्द साधे. हजारदा परक्यांना विचारलेले. पण समोर ताई बसलेली, गळ्याची हाडं दिसत असलेली, आणि नेमक्यांची जीभ 'तू' च्या पुढं सरकेना. 'तू गेल्यावर' म्हटलं तर जणू ती आत्ताच जाईल. शिवाय पलीकडून झटपट बघत होता. म्हणत होता, "काय नेमके, घरचं काम वाटतं? मग तर आज प्रश्नबिश्न नाही." त्याला दाखवण्यासाठी म्हणा, जीभ सोडवण्यासाठी म्हणा, नेमक्यांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. असं सुरेख लिहिलं. 'प्रेमापोटी व राजीखुशीने' यातल्या प्रत्येक वेलांटीला फुलोरा काढला. शेवटी टोपण घातलं, कागद मात्र उलटा ठेवला नाही.

आत नोंदणी करणाऱ्या साहेबांनी ताईला विचारलं, "बाई, समजून सही करताय ना?"

"माझ्या भावानं लिहिलंय. समजायचं काय त्यात?"

साहेब हसले. भाच्यानं स्वीकारल्याची सही केली. हा भाचा वायरमन. घराघरांतून तारा ओढायचा, मितभाषी, आईवर जीव टाकणारा. त्या दिवशी तो आईचा हात धरून कितीतरी वेळ आवारातल्या बाकावर बसून राहिला. पुढं मित्रांना सांगायचा, "लोक मरताना देतात. माझ्या आईनं हयातीत दिलं. भरवसा लागतो त्याला." नेमके ते ऐकून मान हलवायचे, आणि मान हलवताना कुठंतरी टाचणी राहिल्यासारखं टोचायचं. पण घर तिथंच, ताई तिथंच, भाचा सोन्यासारखा. ते स्वतःची समजूत घालायचे, की कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते भाचीच्या पायानं चालत आलं. ताईची लेक रक्त तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. तिचा संसार मोडला आणि एक दिवस ती एक सुटकेस आणि एक कुकर घेऊन माहेरच्या दारात उभी राहिली. कुकर का आणला असं ताईनं विचारलं, तर म्हणाली, "तो माझ्या पगाराचा होता." यावर ताईला जे कळायचं ते कळलं. त्याच आठवड्यात ती पुन्हा आवारात, पुन्हा त्याच खुर्चीत.

"धाकट्या, तो कागद काढ. माडीवरची खोली लेकीच्या नावानं घाल. उद्या माझं बरंवाईट झालं तर तिला कुणी ऊठ म्हणायला नको. भावाच्या घरात भाऊ चांगला असतो, पण भावजय अजून यायची आहे."

"बघू," नेमके म्हणाले.

बघू. जो माणूस दुसऱ्याच्या 'बघू' वर "म्हणजे नेमकं कधी?" असा गुरगुरायचा, तो बघू म्हणाला. झटपटनं चहाचा कप ओठांपाशी थांबवून पाहिलं.

"बघू काय त्यात? कागद माझा, घर माझं. बदलता येतं ना हवं तेव्हा?"

"साहेब रजेवर आहेत, ताई."

साहेब आतून शिंकले. ताई साहेबांची शिंक ओळखत नव्हती हे नशीब.

मग नेमक्यांनी सबबींचा सपाटाच लावला. कधी शिक्का दुरुस्तीला गेला, कधी शाई संपली. सर्व्हर बंद ही सबब सगळ्यात सोयीची, कारण ती अधूनमधून खरीही असायची. ताई प्रत्येक वेळी "असू दे, तू दमू नको" म्हणायची, आणि ते ऐकलं की नेमक्यांना घास गिळवत नसे. अंगात शर्ट तिनं शिवलेला, डब्यात जेवण तिनं केलेलं, आणि पोटात खोटं तेवढं यांचं स्वतःचं. एकदा जेवताना बायको ताट पुढं ओढून म्हणाली, "भाजीत मीठ नव्हतं. तुम्ही 'अळणी म्हणजे नेमकं काय' असंही विचारलं नाहीत. कुणाचं घर बुडवून आलात?"

बायका असं सहज बोलून जातात. नेमके पाण्याचा तांब्या शोधायला उठले, तो ताटाशेजारीच होता.

शेवटी ते भाच्याकडे गेले. मनातला बेत असा, की भाच्यानं गुपचूप माडीची खोली बहिणीला लिहून द्यावी, ताईला कळायलाच नको की तिचं काही चुकलं. चुकलं तिचं, असंच ते अजून मनात म्हणत होते, बघा.

भाचा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिडीवर उभा होता. भिंतीतून तारांचे शेंडे बाहेर आलेले. मामांनी शिडीखाली उभं राहून, घसा खाकरत, सगळं सांगितलं. भाच्यानं पक्कड खिशात ठेवली.

"आईला खोली हवी तर तिनं मला सांगायचं. मी नाही म्हणालो असतो का? तुम्ही का आलात?"

"तिला वाटतंय घर अजून तिचंच आहे."

"असं कसं वाटेल? तिनं मला दिलंय. तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलं मी. तिला विचारलं नाही."

भाचा शिडीवरून उतरला. खाली येऊन उभा राहिला तरी क्षणभर तो वरच असल्यासारखा वाटला. "म्हणजे तिनं मला दिलंच नव्हतं," तो म्हणाला. "मी दोन वर्षं लोकांना सांगत फिरलो."

"अरे, दिलं असतं. नंतर दिलंच असतं तिनं."

"नंतर तर सगळेच देतात, मामा."

नेमक्यांना वाटलं होतं आपण एका माणसाचं घर घेऊन बसलोय. आता कळलं, दुसऱ्याची ठेवही आपणच मोडली. भाचा पुन्हा शिडी चढला आणि वरूनच म्हणाला, "आईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. आणि तिचं चुकलं असं सांगू नका."

नेमके तसेच ताईच्या घरी गेले. पुढच्या खोलीत ताई यंत्रापाशी बसलेली, ओठांत टाचण्या, मांडीवर कुणाची तरी निळी विजार. माडीवर भाची केर काढत होती. जुन्या फळ्या तिच्या पायाखाली कुरकुरत होत्या. नेमके स्टुलावर बसले आणि ज्या बाईपुढं एकदाच अडखळले होते तिच्यापुढं पुन्हा अडखळत बोलले. साहेब रजेवर नव्हते. शिक्का बरा होता. कागद बदलता येत नाही, कारण घर त्याच दिवशी पोराचं झालं.

ताईनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या.

"म्हणजे मी इथं कोण?"

"ताई, तू राहतेस इथं."

"ताबा," ती म्हणाली. वर्षानुवर्षं याचे विनोद तिनं ऐकले होते. "मी खुर्चीत बसलेय. खुर्ची माझी नाही."

नेमक्यांनी आयुष्यात एवढा चांगला विनोद केला नसता तर बरं झालं असतं.

"रस्त्यानं जाणाऱ्यायेणाऱ्याला विचारतोस तू," ताई म्हणाली. "त्या दुकानदार म्हाताऱ्याची गोष्ट मला दहादा ऐकवलीस. मला का नाही विचारलंस?"

"मला म्हणवेना."

"काय म्हणवेना?"

"तू गेल्यावर, असं."

"आत्ता म्हणालास ना? मेले का मी?"

वरचा केर काढायचा आवाज थांबला होता. ताईनं विजार उलटी केली, शिवण पाहिली, पुन्हा सुलटी केली. "माझ्या दुखण्याची भीती तुला, आणि घर गेलं माझं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायची लाज वाटली म्हणून मी माप न घेता कापड कापलं असतं, तर तुझी फी कुठून भरली असती रे?"

नेमके खाली बघत राहिले. जमिनीवर खडूनं आखलेल्या कापडाच्या रेघा होत्या. त्यांच्यापेक्षा सरळ.

दुसऱ्या दिवसापासून डबा येईना. नेमके आवारातल्या टपरीवर पाव खायला लागले आणि झटपट काही विचारायचा नाही, हे जास्तच लागायचं. कामाची रीत त्यांनी सोडली नाही, पण 'उद्या सकाळी काय बदललेलं असेल' म्हणताना आवाज बसायचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, तब्येत बरी नाही का?" नेमक्यांनी "बरी म्हणजे नेमकं काय" असं विचारलं नाही.

मग एका सकाळी फाटकातून तिघं आत आली. भाचा पुढं, मध्ये ताई, मागं भाची. नेमक्यांनी टेबल पुसलं, गिऱ्हाइकाच्या दोन्ही खुर्च्या सरळ केल्या, तिसरी शेजारून ओढली. तिघं जवळ आली आणि पुढं गेली. झटपटच्या टेबलाशी थांबली. भाचा तेवढा दोन पावलं मागं आला.

"राग मानू नका, मामा. घरचं काम घरच्या माणसाकडे नको."

"बरोबर आहे," नेमके म्हणाले. आणि ओढलेली खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून झटपटच्या टेबलाशी नेऊन ठेवली, कारण तिथं एक कमी पडत होती.

झटपट कधी नव्हे तो हळूहळू लिहीत होता. माडीवरची खोली भाऊ बहिणीला देणार. खालच्या घरात आई मरेपर्यंत राहणार, तो तिचा हक्क, आणि तो मोडून भाच्याला घर कुणाला देताही येणार नाही. झटपटनं वाचून दाखवलं. मग त्यानं इकडं एक चोरटी नजर टाकली, पेनाला टोपण घातलं, कागद उलटा ठेवला.

"आता आजी, तुमच्या शब्दांत सांगा. उद्या सकाळी झोपेतून उठाल, तेव्हा काय बदललेलं असेल?"

नेमक्यांनी समोरच्या कोऱ्या कागदावर उगीच समास आखायला घेतला.

"उद्या सकाळी माडी लेकीची असेल," ताई मोठ्यानं म्हणाली. एवढ्या मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. झटपट काही बहिरा नव्हता. "खालचं घर पोराचं. ते मी दिलंय." इथं तिनं भाच्याकडं पाहिलं. "तेव्हा चुकून दिलं असेल. आज विचारल्यावर देतेय. आणि मी मरेपर्यंत मला कुणी ऊठ म्हणणार नाही. मरेपर्यंत. लिहिलंस ना ते? नीट लिही. काही लोकांना लिहायला जड जातं."

भाच्याच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी काहीतरी हललं. समास वाकडा गेला.

आतलं काम आटपून तिघं बाहेर आली. भाचा आणि भाची फाटकाकडे गेली. ताई नेमक्यांच्या टेबलाशी थांबली.

"बसू का? खुर्ची तुझी आहे."

नेमके उठून उभे राहिले. ती बसली, आणि त्यांच्या गळ्याकडं बघत राहिली. शर्टाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"शर्ट पाठवून दे. बटण लावून देते."

नेमक्यांनी मान हलवली.

"मान काय हलवतोस? विचार की. लावून देते म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे नेमकं काय?" नेमक्यांनी विचारलं, इतक्या हळू की झटपटला कान पुढं करावा लागला.

"म्हणजे बटण लावून देते," ताई उठत म्हणाली. "माफ केलं असं नाही."

शर्ट भाचीच्या हातून परत आला. बटण दुहेरी दोऱ्यानं लावलं होतं, पण काजापासून बोटभर पलीकडे, म्हणजे लावलं की गळा आवळेल असं. ताईच्या हातून अशी चूक होत नसे. नेमके ते बटण लावूनच टेबलावर बसू लागले, आणि दिवसातून कितीदातरी, प्रश्न विचारायच्या आधी, गळ्याशी बोट घालून जागा करून घेऊ लागले.